लौकिक कोली, वय साडेचार

शेवटचं मूल गेल्यावर मी दार आतून लावते.
नेरूळ, दुसरा मजला. खाली झेरॉक्सवाल्याचं शटर
अर्ध्यावर आलेलं.
फोनमध्ये आजचं रेकॉर्डिंग, कानात इयरफोन,
आणि वही. हिशेबाची लाल वही आहे,
जमा आणि नावे, असे रकाने छापूनच आलेत.

एकोणीस वर्षं मी लोकांच्या मुलांना बोलायला शिकवते.
स्वतःला ऐकायला लागून जेमतेम आठ महिने झाले.

पहिल्या दिवशी दहा मिनिटंसुद्धा ऐकवलं नाही.
कोण ही बाई? सारखी "हां, हां, छान" म्हणते,
पोराच्या तोंडातलं वाक्य काढून घेऊन
सोललेल्या संत्र्यासारखं त्याच्याच हातात देते.
मी लिहिलं : आवाज चिरका.
मग खोडलं. आवाजाचं काय घेऊन बसलीस,
प्रश्न विचारल्यावर थांबलीस किती, ते लिही.
घड्याळ लावून मोजलं.
दीड सेकंद. कधी त्याहून कमी.
कॉलेजात जाऊन मी इतरांना शिकवते : किमान पाच.

मार्चमध्ये लौकिक आला, दिवाळ्याहून.
आईची बोटं बर्फात काम करून पांढुरकी,
पर्समध्ये बालवाडीच्या बाईंची चिठ्ठी : वर्गात बोलत नाही.
"नाव काय तुझं?"
"लौकिक कोली."
मी फाइलीत लिहिलं : 'ळ' नाही. 'ण'च्या जागी 'न'.
वीस बैठका.
आरशासमोर बसवलं, टाळूला मधाचं बोट लावलं,
जीभ वर, अजून वर. बाळ. फळा. कमळ.
तो माझ्या तोंडाकडे बघायचा
ओहोटीची वाट बघत बसल्यासारखा.
मग होतं तेवढंही बोलेना.
वहीत माझा शेरा : सहकार्य कमी.

गेल्या आठवड्यात सहावी बैठक तिसऱ्यांदा ऐकली.
शेवटी मी "झालं" म्हणते, खुर्ची सरकते,
फोन बंद करायला मी विसरलेय.
दारापाशी आई, चप्पल शोधत :
"चल बाला, डोलं पूस."

बाला. डोलं.

आणि माझ्या खोलीत मुका असलेला तो
एका दमात :
"बाबा निवट्या धराला गेला का? खारीन पानी आला का?
मना पन जाचा हाय."
एक अक्षर घसरलेलं नाही.
सगळे 'ल', सगळे 'न' आपापल्या घरी.

मी तेवढंच पुन्हा पुन्हा लावत राहिले.
पुस्तकात होतं हे. बोली वेगळी, बिघाड वेगळा.
त्या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी मिळाले होते.

फडताळातून जुन्या फायली काढल्या.
भोईर. नाखवा. मढवी. पुन्हा कोळी.
शेरा तोच, अक्षर माझं, ठाम,
खाली दोनदा रेघ मारलेली.
एक नंबर अजून लागत होता. करावेगाव.
पोरगा आता बावीसचा. आई म्हणाली,
"तुमच्यामुलं लय शुद बोलतो मॅडम.
घरान कमी बोलतो."
मला काय लिहावं कळेना. नावेच्या रकान्यात
तिचं वाक्य तसंच्या तसं उतरवलं.

काल लौकिक आला. आरसा मी भिंतीकडे तोंड करून ठेवला होता.
विचारलं, "निवटी म्हणजे काय रे?"
आणि गप्प बसले. हे फार अवघड असतं,
जीभ दाताखाली धरावी लागते.
तीन. चार. त्याने आरशाची पाठ बघितली.
सात. माझ्या ओठांवर "मासा का?" येऊन थांबलं.
नऊ.
अकराव्या सेकंदाला तो म्हणाला,
"तुला निवटी म्हायती नाय?"

नाही, म्हटलं. खरंच नाही.

तो खुर्चीवरून उतरला,
फरशीवर पोटावर आडवा झाला,
आणि कोपरांनी उड्या मारत
टेबलाखालच्या चिखलात शिरला.
रेकॉर्डिंगमध्ये इथून पुढे नुसती खरखर आहे.
अजून दोनदा ऐकायचीय.